धुतल्यावर टिकणारे चित्र : कापडावरील घरगुती छपाईचा इतिहास

कापडावर चित्र छापायचे म्हणजे दोन कामे आली. एक चित्र उमटवण्याचे आणि दुसरे ते धुतल्यावर टिकवण्याचे. दुसरे काम नेहमीच अवघड राहिले आहे. कागदावरच्या चित्राला कोणी पाणी लागू देत नाही. कापड मात्र वापरले की मळते आणि मळले की साबणाच्या पाण्यात जाते. त्यामुळे कापडछपाईचा इतिहास हा बराचसा रंग आणि धागा यांच्या सोयरिकीचा इतिहास आहे.

भारतीय रंगाऱ्यांनी ही सोयरीक फार पूर्वी जुळवली होती. तुरटी आणि लोखंडाचे क्षार कापडावर आधी ठशाने किंवा कलमाने लावायचे आणि मग मंजिष्ठ किंवा आल यांसारख्या मुळ्यांच्या काढ्यात कापड उकळायचे. तुरटी असेल तिथे तांबडा रंग बसतो, लोखंड असेल तिथे काळपट, आणि काही न लावलेल्या जागेवरचा रंग धुण्यात निघून जातो. कैरोजवळच्या फुस्तात येथे उकिरड्यांत सापडलेले गुजरातचे मध्ययुगीन कापड याच रीतीने छापलेले आहे. सतराव्या शतकात युरोपात गेलेले छीटही तसेच होते. कितीही धुतले तरी न उतरणारा रंग तिथल्या लोकांना इतका आवडला, की आपल्या विणकरांना वाचवण्यासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०० व १७२१ मध्ये कायदे करून या कापडाला आळा घातला.

ही छपाई मात्र पेठेतली, कारागिरांची. ठसा कोरणारा, रंग करणारा, छापणारा, वाहते पाणी, कापड पसरायला मोकळी जागा एवढा पसारा तिला लागे. अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये तांब्याच्या पत्र्यावरून आणि नंतर १७८३ च्या थॉमस बेलच्या पेटंटानुसार फिरत्या रुळावरून कापड छापले जाऊ लागले, तेव्हा हा पसारा आणखी वाढला आणि घरापासून आणखी दूर गेला.

घरात छापली जाई ती फक्त भरतकामाची नक्षी. ती मुद्दामच कच्ची असे, कारण तिच्यावरून टाके पडायचे आणि उरलेली रेघ पहिल्या धुण्यात निघून जायची. लखनौच्या चिकनकामात आजही लाकडी ठशाने निळी, धुऊन जाणारी नक्षी उठवतात. महाराष्ट्रातल्या घरांत यासाठी ट्रेसिंग पेपर चाले. त्यावर नक्षी काढायची, रेघांवरून सुईने जवळजवळ भोके पाडायची, कागद कापडावर ताणून ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा त्यावरून फिरवायचा. रॉकेल उडून जाते आणि निळीचे बारीक ठिपके मागे राहतात. एकदा टोचलेला कागद घडी करून ठेवला की शेजारपाजारच्या चार घरांत फिरे. विलायतेत हेच काम १८७० च्या दशकात इस्त्रीकडे आले. मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने कागदावर उष्णतेने वितळणाऱ्या शाईत नक्षी छापून विकायला सुरुवात केली. कागद कापडावर पालथा घालायचा आणि गरम इस्त्री फिरवायची, की नक्षी खाली उतरे. पुढे असे कागद बायकांच्या मासिकांबरोबर फुकट मिळू लागले. घरातले पहिले छापयंत्र इस्त्रीच म्हणायला हवे, आणि दीडशे वर्षांनंतरही तिची ती जागा गेलेली नाही.

नक्षीत फक्त रेघ असते. छायाप्रकाश असलेले चित्र, माणसाचा चेहरा किंवा झाडाच्या पानातली शीर घरच्या माणसाला कापडावर आणता येण्यासाठी फोटोग्राफीचा शोध लागावा लागला. त्यातही चांदीच्या क्षारांवर चालणारी नेहमीची फोटोग्राफी नव्हे, तर लोखंडावर चालणारी.

प्रशियन निळा हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये अपघाताने तयार झाला. डिसबाख नावाचा रंग बनवणारा तांबडा रंग करायला बसला होता. त्याने वापरलेला क्षार रक्तातल्या द्रव्याने दूषित झालेला होता आणि भांड्यात निळा साका बसला. काही दशकांतच कापडाला तो कसा चढवायचा याचे प्रयोग सुरू झाले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माकेर याने १७४९ मध्ये त्यावर लिहिले आहे. नेपोलियनच्या काळात सागरी नाकेबंदीमुळे फ्रान्समध्ये नीळ मिळेनाशी झाली, तेव्हा ल्याँ शहरात रेमाँ याने रेशमाला हा रंग पक्का बसवण्याची रीत बसवली. म्हणजे फोटोग्राफीच्या हाती पडण्यापूर्वीच हा रंग कापडाच्या ओळखीचा होता.

त्याला प्रकाशाशी जोडले जॉन हर्शेल याने. खगोलशास्त्रज्ञ असलेला हर्शेल १८४२ च्या सुमारास फुलापानांच्या रसांवर सूर्यप्रकाशाचा काय परिणाम होतो ते पाहत होता. रंगीत छायाचित्राची वाट त्याला शोधायची होती. ती सापडली नाही. मात्र ॲल्फ्रेड स्मी या डॉक्टरने त्याच्याकडे लोखंडाचा एक सायट्रेट क्षार पाठवला होता, त्यातून दुसरेच काही हाती लागले. हा क्षार आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे मिश्रण कागदाला लावून उन्हात धरले, की ऊन लागलेल्या जागी लोखंडाचे रूप बदलते आणि प्रशियन निळा तयार होतो. झाकलेली जागा तशीच राहते आणि पाण्यात धुतली की पांढरी होते. हीच सायनोटाइपची पद्धत. तिला ना अंधारी खोली लागते ना चित्र पक्के करायला निराळे रसायन. ऊन आणि पाणी पुरते.

हर्शेलच्या ओळखीतल्या ॲना ॲटकिन्स यांनी लगेच तिचा उपयोग केला. १८४३ पासून पुढची दहा वर्षे त्या समुद्रातल्या शेवाळांचे नमुने कागदावर ठेवून उन्हात छापत होत्या. ‘फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश अल्गी’ या त्यांच्या ग्रंथाचे भाग त्यातून तयार झाले. छायाचित्रांनी सजलेले हे पहिले पुस्तक मानले जाते आणि ते घरात, हाताने छापलेले आहे. आज कोणी रुमालावर पान ठेवून उन्हात छापते तेव्हा ॲटकिन्स यांचीच कृती कापडावर करत असते.

कागदावरून कापडावर ही पद्धत लवकरच आली, आणि तिथे एक ओळखीचे नाव भेटते. दोऱ्याच्या गुंडीवर आणि बनियनच्या चिठ्ठीवर आजही ‘मर्सराइज्ड’ असे छापलेले असते, ते जॉन मर्सर याच्या नावावरून. लँकेशायरमधल्या हातमागवाल्याच्या घरातला हा मुलगा लहानपणीच कांड्या भरायच्या कामाला लागला आणि स्वतःच्या प्रयत्नाने रंगरसायनात पारंगत झाला. कॉस्टिक सोड्याने सुती धागा फुगवून मजबूत करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट त्याने १८५० मध्ये घेतले. लोखंडाच्या क्षारांनी सुती कापडावर फोटो छापण्याचे त्याचे प्रयोगही त्याच दशकातले आहेत. १८५८ मध्ये लीड्स येथे भरलेल्या ब्रिटिश विज्ञान परिषदेत त्याने आपले नमुने मांडले. यातला योगायोग रसायनाच्या विद्यार्थ्यांना आवडेल असा आहे. मर्सरचे नाव ज्या कॉस्टिक सोड्याने झाले, तो त्याच्याच निळ्या चित्रांचा शत्रू. अल्कली लागली की प्रशियन निळा मोडतो आणि मागे गंजासारखा पिवळट डाग राहतो.

मर्सरचे प्रयोग प्रयोगच राहिले. सायनोटाइप घराघरांत पोचायला इंजिनिअरांच्या कचेऱ्या कारणीभूत झाल्या. १८७० च्या दशकात पॅरिसच्या मारियाँ कंपनीने हे रसायन आधीच लावलेला कागद तयार विकायला काढला. १८७६ च्या फिलाडेल्फियातील जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत पूल, रेल्वे आणि इमारतींचे नकाशे त्यावर छापले जाऊ लागले. ब्लू प्रिंट ती हीच. एका व्यवसायाला रसायन पोत्याने लागू लागले की ते स्वस्त होते आणि पुड्यांतून किरकोळीतही मिळू लागते. हौशी मंडळींचे फावते ते अशा वेळी. कापडछपाईच्या घरगुती इतिहासात पुढेही हेच पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

त्याच सुमारास फोटो काढणेही सोपे झाले. रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये सुचवलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा दशकअखेर कारखान्यांतून मिळू लागल्या. काच ओली असतानाच फोटो काढून धुण्याची घाई संपली. या काचा आकाराने मोठ्या असत आणि त्यामुळे कापडावर छापायला सोयीच्या. सायनोटाइपमध्ये चित्र मोठे करता येत नाही. काच कापडाला टेकवून ठेवावी लागते आणि काच जेवढी तेवढेच चित्र येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दोन दशकांत अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या हौशी फोटोग्राफीच्या मासिकांतून कापडछपाईच्या कृती येत. त्यांचा सारांश असा. कापड सुती, तागाचे किंवा रेशमी हवे. बाजारातून आणलेल्या कापडाला कांजी असते; ती उकळून काढल्याशिवाय द्रावण धाग्यात शिरत नाही. दोन क्षारांची द्रावणे वेगवेगळ्या बाटल्यांत करून ठेवायची आणि वापरण्याच्या वेळी सारख्या प्रमाणात मिसळायची. दिव्याच्या मंद उजेडात कापड त्यात बुडवून पिळायचे आणि अंधारात वाळवायचे, म्हणजे ते पिवळसर हिरवे दिसते. त्यावर काच ठेवून चौकटीत घट्ट आवळायचे आणि उन्हात धरायचे. झाकलेला नसलेला भाग हिरव्यावरून निळ्यावर आणि निळ्यावरून राखी-काशाच्या रंगावर गेला की चित्र झाले. मग जराही पिवळेपणा सुटेनासा होईपर्यंत वाहत्या पाण्यात धुवायचे. चित्र दिसायला लागते ते पाण्यात, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला ते पाहताना आजही नवल वाटते. कागदापेक्षा कापडाला द्रावण जास्त लागते आणि बारीक तपशील विणीत हरवतो, एवढाच काय तो फरक.

अशा निळ्या चौकोनांच्या उशा आणि गोधड्या अमेरिकेत बऱ्याच झाल्या. घर, घोडा, सहलीतली मंडळी, कॉलेजच्या इमारती असे विषय. चौकोन लहान का, याचे उत्तर काचेच्या मापात आहे. चौकोन जोडून मोठे कापड करण्याची गोधडीची रीत या मर्यादेला आयतीच जुळली. आणि या वस्तू उशा, पडदे, भिंतीवरचे कापड अशाच का, अंगावरचे कपडे का नाहीत, याचे उत्तर साबणात आहे. त्या काळचा साबण आणि धुण्याचा सोडा दोन्ही अल्कधर्मी. दोनचार धुण्यांत चित्र फिके पडे. रिठ्याचे पाणी अल्कधर्मी नसते, त्यामुळे असे कापड धुवायला रिठा साबणापेक्षा सुरक्षित. पण ही माहिती बोस्टनच्या गृहिणीच्या उपयोगाची नव्हती. प्रशियन निळ्याचा आणखी एक विचित्र गुण म्हणजे तो उन्हात विटतो आणि कापड काही दिवस अंधारात ठेवले की बराचसा परत येतो.

निळ्याशिवाय दुसरा रंग हवा असणाऱ्यांसाठी १८९० मध्ये इंग्लंडमधल्या ग्रीन, क्रॉस आणि बेव्हन या तिघांनी प्रिम्युलिनची पद्धत काढली. ती पूर्णपणे कापडाचीच होती. प्रिम्युलिन हा सुती कापडाला थेट चढणारा पिवळा रंग. कापड त्यात रंगवून नायट्रस आम्लातून काढले की ते प्रकाशाला हळवे होते. पानाखाली किंवा पारदर्शक चित्राखाली ठेवून ऊन दिले की ऊन लागलेली जागा निकामी होते. झाकलेल्या जागेला नंतर निवडलेल्या रसायनात बुडवून लाल, नारिंगी किंवा जांभळा रंग देता येतो. सायनोटाइपमध्ये पानाची आकृती पांढरी आणि भोवताल निळा येतो, इथे पानच रंगीत येते. रंग धाग्याच्या आतच घडत असल्याने तो धुण्यातही चांगला टिकतो. टिकाऊपणाच्या दृष्टीने ही त्या शतकातली सर्वांत योग्य घरगुती पद्धत ठरायला हवी होती. पण ताजे नायट्रस आम्ल तयार करणे, ते थंड ठेवणे आणि कापड लगोलग वापरणे हे स्वयंपाकघरात जमण्यासारखे नव्हते, आणि ऊन लागून निकामी झालेली जागा पूर्ण पांढरीही होत नसे. ती मागे पडली. तिच्यामागचे तत्त्व मात्र १९२० च्या दशकात जर्मनीत कागदावर आले आणि त्याने ब्लू प्रिंटलाच हटवले. महाराष्ट्रातल्या आर्किटेक्टांच्या कचेऱ्यांत कालपरवापर्यंत निघणारी, तीव्र वासाची अमोनिया प्रिंट ही प्रिम्युलिनचीच चुलत भावंड.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरगुती छपाई थंडावली. कारण फोटोग्राफीचा प्रसार हेच होते, हे वरवर उलटे वाटेल. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा काढला तो बटण दाबणे तेवढे गिऱ्हाइकाने करावे, बाकीचे कंपनी पाहील, या बोलीवर. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला. फोटो काढणारे लाखोंनी वाढले, पण धुणे आणि छापणे घराबाहेर गेले. फिल्म लहान झाली. उन्हात टेकवून छापायला मोठी काच हाताशी राहिली नाही. कापडावरची चित्रे हवी असली तर ती तयार मिळू लागली. अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटांत नट्या, झेंडे, फुलपाखरे छापलेले रेशमी तुकडे घालत. नवरा सिगारेट ओढी आणि बायको तुकडे जमवून उशी शिवी. कंपनीने हे बेरीज-वजाबाकी करूनच ठरवले असणार.

पडद्यावरून छपाई, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग, हीसुद्धा याच काळात वाढली. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. ताणलेल्या जाळीवर नको तिथली भोके बुजवायची आणि रबरी पट्टीने शाई ओढायची, हे तंत्र कारखान्याला जितके सोयीचे तितकेच घरालाही, कारण लाकडी चौकट आणि जाळीचे कापड एवढ्यावर ते चालते. बायक्रोमेट घातलेला जिलेटिनचा थर उजेडात कडक होतो, या जुन्या गुणाचा वापर करून जाळीवर फोटोही उतरवता येतो. महाराष्ट्रात स्क्रीन प्रिंटिंग घरगुती उद्योग म्हणून रुजले, पण लग्नपत्रिका, पिशव्या आणि फलक यांच्यासाठी; घरच्यासाठी एकच उशी छापायला कोणी जाळी बनवत बसत नाही. एकाच्या जागी पन्नास प्रती काढायच्या असतील तरच तो खटाटोप परवडतो.

हा खटाटोप जपानने एका पेटीत बसवला. रिसो कंपनीच्या नोबोरू हायामा याने १९७७ मध्ये प्रिंट गोक्को बाजारात आणले. मुळात ते नववर्षाची शुभेच्छापत्रे घरी छापण्यासाठी होते, कारण जपानी घरांतून ती दरवर्षी ढिगाने जातात. पेटीत जाळी आणि तिला चिकटवलेली पातळ प्लॅस्टिकची त्वचा असे. खाली कार्बनच्या शाईने काढलेले चित्र ठेवायचे आणि झाकण दाबायचे, की एकदाच चालणारे फ्लॅशचे दिवे पेटत. काळी रेघ उष्णता शोषून तापे आणि तिच्यावरची त्वचा तेवढ्यापुरती वितळे. मग त्या भोकांतून शाई दाबायची. कापडासाठी निराळी शाई मिळे; ती इस्त्रीने पक्की करायची. रसायन नाही, ऊन नाही, अंधार नाही, आणि मुलांनाही जमेल असे हे यंत्र लाखो घरांत गेले. घरगुती संगणक आणि प्रिंटर आल्यावर शुभेच्छापत्रांसाठी त्याची गरज उरली नाही आणि २००८ मध्ये कंपनीने यंत्राची विक्री थांबवली. तोपर्यंत अमेरिकेतल्या कापडावर छापणाऱ्या कलाकारांना ते इतके प्रिय झाले होते, की उरलेले दिवे आणि जाळ्या साठवून ठेवण्यासाठी धडपड सुरू झाली.

दरम्यान कलाशाळांतून जुन्या पद्धतींची पुन्हा आठवण होत होती. रॉबर्ट राउशेनबर्ग आणि सुझन वाइल यांनी १९५० च्या आसपास ब्लू प्रिंटच्या मोठ्या कागदावर माणसाला निजवून वरून दिवा फिरवला आणि पुरुषभर उंचीची निळी चित्रे काढली. पुढे राउशेनबर्गने मासिकांतली छापील चित्रे द्रावकाने भिजवून कापडावर उतरवली. १९७४ ते ७६ मधली त्याची ‘होरफ्रॉस्ट’ मालिका रेशीम आणि मलमलीवर आहे. १९७० च्या दशकात बेटी हान यांनी कापडावर फोटो छापून त्यावर टाके घातले आणि कॅथरीन जॅन्सेन यांनी पलंग, चादर, कपडे यांसह आख्खी खोली निळ्या छपाईच्या कापडातून शिवली. बी नेटल्स यांनी १९७७ मध्ये अशा कृतींचे पुस्तक काढले, त्याच्या नावातच पाककृतीपुस्तकाचा उल्लेख होता. शंभर वर्षांपूर्वी मासिकांच्या वाचकांनी स्वयंपाकघरात केलेले काम आता कलादालनात गेले. या कलावंतांत स्त्रिया अधिक होत्या, हेही सहज घडलेले नाही. फोटोग्राफीच्या प्रतिष्ठित वर्तुळात शिवणकामाला जागा नव्हती आणि त्यांनी ती मुद्दाम करून घेतली.

झेरॉक्स आणि तत्सम यंत्रांनी छपाईचा अर्धा भाग यंत्राकडे दिला. थ्रीएम कंपनीचे १९६० च्या दशकाअखेरचे रंगीत कॉपी यंत्र उष्णतेने उडणारे रंग वापरत असल्याने त्याची प्रत इस्त्रीने कापडावर उतरे. शिकागोच्या कलाशाळेतील सोनिया शेरिडन यांनी त्यावर विद्यार्थ्यांसह बरेच काम केले. दुकानांतून रंगीत झेरॉक्स खास कागदावर काढून टी-शर्टावर दाबून देण्याचा धंदा वाढला. कागदावरचा प्लॅस्टिकसारखा थर चित्रासकट कापडाला चिकटतो. म्हणून असे चित्र कापडावर बसते, कापडात जात नाही. हाताला ते रबरासारखे लागते आणि काही धुण्यांनंतर त्याला भेगा पडतात.

तरीही याच तंत्राने एक थोर काम करून घेतले. एड्सने गेलेल्या माणसांची आठवण म्हणून अमेरिकेत क्लीव्ह जोन्स यांच्या पुढाकाराने मोठी गोधडी सुरू झाली. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. घरच्यांनी, मित्रांनी, सहकाऱ्यांनी ते तुकडे आपापल्या घरी शिवले. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनला ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तुकडे १,९२० होते. नाव, कपड्यांचे तुकडे, खेळणी यांच्याबरोबर फोटोही कापडावर उतरवून लावलेले आहेत. ज्यांनी आयुष्यात कधी छपाई केली नव्हती अशांनी हे केले. ही गोधडी धुतली जायची नव्हती, त्यामुळे छपाईच्या पक्केपणाचा प्रश्न तिथे आला नाही.

१९९० च्या दशकात इंकजेट प्रिंटर घरोघरी आले आणि कापडच कागदाच्या जागी घालावे, ही कल्पना अमेरिकन गोधडीवाल्यांना सुचली. मऊ कापड यंत्रात अडकते. त्यावर तोडगा स्वयंपाकघरातला निघाला. मांस गोठवताना गुंडाळायच्या कागदाला एका बाजूने पातळ प्लॅस्टिक असते. ती बाजू मांजरपाटाच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटवली, कागदाच्या मापाने कापली, की कापड ताठ होऊन प्रिंटरमधून सरळ निघते. छापून झाल्यावर कागद सोलून टाकायचा. शाई मात्र पहिल्या पाण्यातच वाहून जाई. प्रिंटरची तेव्हाची शाई पाण्यात विरघळणारा रंग होती आणि सुती धाग्याशी तिचे काही नाते नव्हते. कापड आधी ‘बबल जेट सेट’सारख्या द्रावणात भिजवून वाळवले तर शाई धाग्याला धरून राहते, हे कळल्यावर गाडे पुढे सरकले. मग असे प्रक्रिया केलेले, मागे कागद लावलेले कापड पाकिटांतून मिळू लागले. पुढे रंगकणांची शाई असलेले प्रिंटर आले. हे कण पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे ते साध्या धुण्याला बरे टिकतात, घासण्याला मात्र तितके नाही.

या टप्प्यावर मीठ आणि व्हिनेगर यांचा सल्ला जगभर फिरला आणि अजून फिरतो. नवी रंगीत सुती साडी पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवण्याची रीत महाराष्ट्रातल्या घरांतही आहे. मीठ रंगवताना रंग धाग्यात ढकलायला मदत करते आणि व्हिनेगर लोकर-रेशमाच्या आम्ली रंगांना उपयोगी असते. सुती कापडाच्या पृष्ठभागावर बसलेल्या प्रिंटरच्या शाईला दोन्हींचा फायदा जवळजवळ नाही.

पक्का उपाय पॉलिस्टरच्या बाजूने आला. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये नोएल द प्लास याने कागदावर छापलेले काही रंग सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला वितळण्याऐवजी थेट वाफ होतात आणि कृत्रिम धाग्यात शिरतात, हे पाहून त्यावर छपाई बेतली. थंड झाल्यावर रंग धाग्याच्या आत अडकतो. तो हाताला लागत नाही आणि धुण्यात जात नाही. अशा रंगांची शाई साध्या इंकजेटमध्ये भरता येऊ लागली, तेव्हा उशीवर, मगवर, खेळाडूंच्या बनियनवर फोटो छापून देणारी एका टेबलाची दुकाने निघाली. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतही लग्न-वाढदिवसाच्या भेटींसाठी ती चालतात. उलटे छापलेले चित्र कागदावर फिकट, मळकट दिसते आणि दाबयंत्रातून निघताना भडक होऊन येते. अडचण एकच, सुती कापडाला ही शाई धरत नाही. खादी किंवा मांजरपाटावर फोटो हवा असेल तर वेगळी वाट धरावी लागते.

ज्यांना स्वतः छापायचे नाही त्यांच्यासाठी २००८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या स्पूनफ्लॉवरसारख्या कंपन्या घरी काढलेले चित्र मागवून हात-दोन हात कापडही छापून देतात. कापड छापण्यासाठी शेकडो वार एकदम काढावे लागण्याची रुळाच्या काळापासूनची अट त्यामुळे मोडली.

सायनोटाइपही परतला आहे, आणि तो ज्या इंकजेटमुळे मागे पडायला हवा होता त्याच्याच आधाराने. काचेची जागा आता ओएचपीच्या पारदर्शक फिल्मने घेतली आहे. फोनमधला फोटो संगणकावर उलटा करून, म्हणजे काळ्याचे पांढरे करून, त्या फिल्मवर हव्या त्या मापाने छापायचा आणि द्रावण लावलेल्या कापडावर काचेखाली दाबून उन्हात ठेवायचा. चित्राच्या मापाचा जुना प्रश्न त्यामुळे सुटला. भारतातल्या उघड्या दुपारी पाच ते वीस मिनिटे पुरतात. पावसाळ्यात ढगांमुळे वेळ कितीतरी वाढतो आणि दमट हवेत द्रावण लावलेले कापड वाळता वाळता आपोआप निळसर होऊ लागते, म्हणून हे काम हिवाळा-उन्हाळ्यातच करावे. निळा नको असल्यास चित्र आधी सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात फिकट करून मग कडक चहात बुडवतात. चहातले टॅनिन लोखंडाशी जुळून तपकिरी-काळा रंग देते, जो निळ्यापेक्षा अल्कली जास्त सोसतो. लोखंड आणि झाडपाल्यातले टॅनिन यांची ही जोडी इथल्या रंगाऱ्यांच्या काळ्या रंगात हिरड्याच्या रूपाने आधीपासूनच होती. धुताना सौम्य, सोडा नसलेला साबण आणि थंड पाणी वापरावे, ब्लीचिंग पावडर किंवा पांढरेपणा वाढवणारी पूड घालू नये आणि कापड सावलीत वाळत घालावे.